उजेडाचे वाटेकरी: इंप्रेशनिस्ट प्रकल्पाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

वाचनालयाच्या कलामंडळासाठी ऑगस्टमध्ये दीड तासाचं सचित्र व्याख्यान द्यायचं ठरलं. विषय कार्यवाहांनीच सुचवला, इंप्रेशनिस्ट चित्रकार. मी लगेच हो म्हटलं, पण एक अट घातली. मोने, रन्वार, देगा यांची चित्रं आपल्याकडे कॅलेंडरपासून चहाच्या कपापर्यंत पोहोचली आहेत. त्यांच्यावर एकही स्वतंत्र स्लाइड ठेवणार नाही. त्यांच्याबरोबर त्याच भिंतीवर ज्यांची चित्रं लागली होती, त्यांच्याबद्दल बोलणार. कार्यवाह जरा विचारात पडले, "लोक येतील ना?" मग म्हणाले, "करा, मॅडम."

सुरुवात कुठून करायची हे मात्र पक्कं आहे. १५ एप्रिल १८७४, पॅरिस, बुलव्हार दे काप्युसीन, घर क्रमांक ३५. नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत इंप्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन महिनाभर चाललं, प्रवेश एक फ्रँक. कॅटलॉगमध्ये १६५ नोंदी आणि चित्रकार तिसाच्या आसपास. त्यांतली सहा-सात नावं आपल्याला पाठ असतात. उरलेल्यांचं काय झालं, हाच माझा प्रकल्प.

१५ जून, रविवार

तीन ड्रॉइंग शीट जोडून तक्ता केला. वर आठ प्रदर्शनांची वर्षं: १८७४, १८७६, १८७७, १८७९, १८८०, १८८१, १८८२, १८८६. डावीकडे नावं. ज्याने भाग घेतला त्याच्या चौकोनात गेरूचा ठिपका.

ठिपके भरता भरता माझाच समज उलटापालटा झाला. आठही चौकोन भरलेला एकच माणूस, पिसारो. त्याच्या मागोमाग सात ठिपके देगा आणि बेर्थ मोरिझो यांचे, आणि तेवढेच आँरी रुआरचे. रुआर! कलेच्या इतिहासाच्या पेपरात मी हे नाव कधी लिहिलेलं आठवत नाही. आर्माँ गियोमँचे सहा. मोनेचे पाचच, रन्वार आणि सिस्ले यांचे चार-चार, सेझानचे दोन. एदुआर माने (मोने नव्हे) याची अख्खी ओळ कोरी, कारण तो या प्रदर्शनांत कधी सामील झालाच नाही.

हजेरीपत्रक आणि कीर्ती यांचा इतका कमी संबंध असेल असं वाटलं नव्हतं. हा तक्ता व्याख्यानाच्या दिवशी भिंतीवर लावायचाच.

रुआरबद्दल थोडं. हा देगाचा शाळासोबती, पेशाने इंजिनिअर, कारखानदार, शीतयंत्रं बनवणारा. देगाने त्याला कारखान्यासमोर उभं करून त्याचं चित्र काढलं आहे, ते आता पिट्सबर्गच्या संग्रहालयात आहे. दिवस कारखान्यात जायचा, उरलेल्या वेळात चित्रं. पैसा मात्र भरपूर होता, त्यातून त्याने इतरांची उत्तम चित्रं विकत घेतली. आज नाव निघतं ते संग्राहक म्हणून.

२१ जून, शनिवार

आजचा अख्खा दिवस नावांच्या उच्चारांत गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. स्पेलिंग बघून वाचलं तर कायबोतचं 'कैलेबोट्टे' होतं, गियोमँचं 'गुइलौमिन'. जे नाव धड उच्चारता येत नाही ते माणूस दुसऱ्याला सांगायला जात नाही. भाची फ्रेंच शिकते आहे. तिला फोनवर एकेक नाव चार-चार वेळा म्हणायला लावलं आणि देवनागरीत उतरवलं: बाझीय, गियोमँ, कायबोत, ब्राकमाँ, गोंझालेस.

चळवळीला मराठीत शब्द आहे, दृक्‌प्रत्ययवाद. विद्यार्थी असताना मला तो फार जड वाटायचा. आज फोडून पाहिला: डोळ्याला आलेला प्रत्यय. इतका नेमका शब्द असताना तो का टाळावा? पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिणार, पुढे बोलताना इंप्रेशनिस्ट म्हणणार.

२ जुलै, बुधवार

शाळेतून आल्यावर फ्रेदेरिक बाझीय. जन्म १८४१, माँपेल्ये, घरचं बरं. वैद्यकी शिकायला पॅरिसला आला आणि ग्लेअरच्या चित्रशाळेत जाऊन बसला. तिथे मोने, रन्वार, सिस्ले भेटले. पुढे त्याच्या स्टुडिओत मित्रांचा राबता असायचा. १८६७ साली सलोंने, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत प्रदर्शनाने, मोनेचं 'बागेतल्या स्त्रिया' हे भलंमोठं चित्र नाकारलं, तेव्हा ते बाझीयने २,५०० फ्रँकला घेतलं. घरून येणाऱ्या पैशांतून महिना ५० फ्रँक हप्ता! मित्राला मदत म्हणायची नाही, चित्र विकत घेतलं म्हणायचं. ही रीत मला फार भावली.

त्याच वर्षी त्याने घरी पत्र लिहिलं होतं की आम्ही काही जण मिळून स्वतःचं प्रदर्शन भरवणार आहोत. पैसे जमले नाहीत. म्हणजे १८७४ची कल्पना सात वर्षं आधीच या मुलाच्या टेबलावर होती.

चित्र निवडलं 'कुटुंबमेळा'. माँपेल्येजवळच्या मेरिक इथल्या घराची गच्ची, चेस्टनटची सावली आणि सावलीपलीकडे दक्षिणेचं रखरखीत ऊन. सगळे नातेवाईक आपल्याकडे रोखून बघताहेत, जणू फोटोसाठी थांबले आहेत. डाव्या कडेला तो स्वतः, अर्धवट दिसणारा. माणसं थोडी ताठर आहेत हे खरं. पण ज्या उन्हात डोळे बारीक करावे लागतात ते ऊन आपल्याला ओळखीचं आहे. मोनेच्या उत्तरेकडच्या ओलसर उजेडापेक्षा हे ऊन मला जवळचं वाटतं.

फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू झालं, ऑगस्ट १८७० मध्ये तो फ्रेंच सैन्याच्या झुआव्ह पलटणीत भरती झाला आणि २८ नोव्हेंबरला बोन-ला-रोलांदच्या लढाईत मारला गेला. एकोणतिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. वडील रणभूमीवर गेले, मुलाचा देह शोधला आणि माँपेल्येला घेऊन आले. तक्त्यात त्याच्या ओळीत एकही ठिपका नाही. तरी ओळ मी ठेवली आहे, सगळ्यात वर.

९ जुलै, बुधवार

गियोमँ. आज रात्री साडेबारापर्यंत याच्यापाशीच होते.

जन्म पॅरिस, १८४१. घरची ओढगस्त, म्हणून पंधराव्या वर्षी मामाच्या दुकानात, मग पॅरिस-ऑर्लेआँ रेल्वेत नोकरी. अकादेमी स्विस या चित्रशाळेत सेझान आणि पिसारो भेटले. पोटासाठी त्याने आणि पिसारोने दुकानांचे पडदेही रंगवले. पडदा रंगवत असलेल्या गियोमँचं पिसारोने काढलेलं चित्र आहे. आपल्याकडे साइनबोर्ड रंगवून आर्ट स्कूलची फी भरणारे किती जण मी पाहिले आहेत, त्यामुळे ते चित्र बघताना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं.

मग १८६८ साली त्याने रस्ते-पूल खात्यात काम धरलं. आठवड्यातून तीन रात्री चर खोदायचे. रात्रपाळीच का? दिवस मोकळा राहावा म्हणून. ज्या चित्रकलेचा सगळा जीव बाहेरच्या उजेडात आहे, ती करायची तर दिवस हातात हवा. मोनेकडे उधारी होती, कर्ज होतं, पण दिवस होता. गियोमँने तो आपल्या रात्री विकून मिळवला.

इथे या प्रकल्पाचा धागा मला सापडला असं वाटतं. प्रतिभा कुणाची मोठी, कुणाची लहान, ही मोजदाद बाजूला ठेवून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: तुला दिवसाचा उजेड किती मिळाला, आणि तो कोणत्या किमतीला?

निवडलेलं चित्र 'इव्रीचा सूर्यास्त', १८७३च्या सुमाराचं, आता पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात. १८७४च्या पहिल्या प्रदर्शनात लागलेलं. सेन नदी, काठावर काळपट झाडं, मावळतीचं पिवळं-केशरी आभाळ, आणि क्षितिजावर कारखान्यांची धुराडी. सूर्य आणि धूर एकाच रंगात मिसळले आहेत. ही धुराडी त्याने झाकली नाहीत की सजवलीही नाहीत. बेर्सीचा धक्का, वाळू काढणाऱ्या होड्या, ओझी, हेच त्याचे विषय. सेझानने त्याच्या सेनच्या एका चित्राची नक्कल करून अभ्यास केला, ती नक्कल हॅम्बुर्गला आहे. आपण शिकलो ते 'सगळे सेझानकडून शिकले' एवढंच. सेझान कुणाकडून शिकला ते कुणी सांगितलंच नाही.

१८९१ साली त्याला सोडतीत एक लाख फ्रँक लागले. नोकरी सुटली, पन्नाशीत पहिल्यांदा सगळे दिवस त्याचे झाले. क्रोझाँची नदीखोरी, समुद्रकाठचं आगे, हॉलंड, सगळीकडे फिरून त्याने चित्रं काढली. आणि इथे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं: ही नंतरची चित्रं मला तितकी भिडत नाहीत. जांभळा आणि गुलाबी इतका चढतो की खडकाचं वजनच जातं. काही जण त्यात पुढच्या फोव्ह मंडळींची, म्हणजे भडक रंग वापरणाऱ्या चित्रकारांची, चाहूल बघतात, ते बरोबरही असेल. मला मात्र रात्रपाळीच्या वर्षांतला गियोमँ हवा आहे. १९२७ साली गेला, मोनेच्याही नंतर.

१३ जुलै, रविवार

कायबोतच्या 'पॅरिसची वाट, पावसाळी दिवस' या चित्राची मोठी प्रत छापायला दिली होती, आज आणली. आभाळ पिवळट, दगडी रस्ता चहासारखा. छापणाऱ्यांना दोष देऊन आले आणि घरी येऊन कळलं की दोष माझाच. मी दिलेली प्रतिमा जुन्या पुस्तकातून स्कॅन केलेली होती. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१४ साली हे चित्र साफ केलं, पिवळं पडलेलं वॉर्निश काढलं, आणि खाली थंड, निळसर-करडं आभाळ निघालं. वर्षानुवर्षं मी मुलांना 'उबदार पाऊस' म्हणून शिकवत आले तो वॉर्निशचा रंग होता. दुकानात परत गेले, माफी मागितली, नवी प्रत छापायला दिली.

बाहेर धो धो पडतोय. गेटपाशी उभं राहून ओल्या डांबराकडे बघितलं. कायबोतच्या चित्रात पावसाचा एकही थेंब नाही. छत्र्या आहेत आणि दगडांच्या फटींत चकाकणारं पाणी आहे. एवढ्यावर दोन मीटरहून उंच आणि पावणेतीन मीटर रुंद कॅनव्हास ओला होतो.

१६ जुलै, बुधवार

गुस्ताव्ह कायबोतने माझा धागा तोडला. याला उजेडाची काय कमी? वडिलांचा लष्कराला कापड पुरवण्याचा व्यवसाय, वारसाहक्काने अमाप पैसा. मोनेच्या सां-लाझार स्टेशनजवळच्या खोलीचं भाडं याने भरलं, १८७७च्या प्रदर्शनाचा खर्च उचलला, मित्रांची चित्रं विकत घेतली. स्वतः चित्रं काढली, शर्यतीच्या होड्यांची रचना केली, बाग फुलवली, भावाबरोबर टपाल तिकिटंसुद्धा जमवली. आणि तरीही विसाव्या शतकाचा बराच काळ तो फक्त 'मित्रांना मदत करणारा श्रीमंत माणूस' म्हणून ओळखला गेला. का?

दोन दिवस अडकले होते, आज उलगडलं. त्याला चित्र विकायची गरजच नव्हती. विकलं गेलेलं चित्र दलालाकडे जातं, तिथून संग्राहकाकडे, लिलावात, संग्रहालयात, पुस्तकात, आणि मग आपल्या कॅलेंडरवर. कायबोतची चित्रं कुटुंबाच्या भिंतींवर राहिली. 'पावसाळी दिवस' शिकागोला पोहोचलं ते १९६४ साली. चित्र काढायला उजेड लागतो तसा ते दिसायलाही लागतो, हा दुसरा हिशेब मी धरलाच नव्हता.

त्याचं मृत्युपत्र वाचून मात्र गलबलून आलं. १८७६ साली धाकटा भाऊ गेला, तेव्हा अठ्ठाविशीतल्या कायबोतने मृत्युपत्र केलं: माझ्याकडची मित्रांची चित्रं सरकारला द्यावीत, पण ती माळ्यावर नकोत, प्रांतातल्या कुठल्या संग्रहालयात नकोत, आधी लुक्साँबूर संग्रहालयात आणि पुढे लूव्ह्‌रमध्ये लागावीत. त्या यादीत स्वतःचं एकही चित्र नव्हतं. १८९४ साली तो गेल्यावर सरकारने काही चित्रं घेतली, बरीच नाकारली. 'जमीन तासणारे' हे त्याचं चित्र आज दॉर्सेमध्ये आहे ते रन्वार आणि घरच्यांनी पुढे केलं म्हणून. हे चित्र १८७५ साली सलोंने नाकारलं होतं. उघड्या पाठीचे तीन मजूर गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासताहेत, समोरच्या खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या पाठींवर आणि ओल्या फळ्यांवर घसरतोय. आमच्या गल्लीतल्या सुतारांना हे चित्र दाखवलं, तर ते आधी रंध्याची पकड बघतील. मला ते फार योग्य वाटतं.

२०२३ साली दॉर्सेने त्याचं नौकाविहाराचं एक चित्र ४ कोटी ३० लाख युरोंना घेतलं, एका मोठ्या उद्योगसमूहाच्या देणगीतून. ही किंमत व्याख्यानात सांगावी का? सांगेन, पण शेवटी, आणि एकाच वाक्यात.

२० जुलै, रविवार

दुपारी तासभर ऊन पडलं. ही संधी सोडायची नाही म्हणून आईची पांढरी सुती साडी परसातल्या आंब्याखाली दोरीवर टाकली आणि जलरंग घेऊन बसले. मारी ब्राकमाँच्या पांढऱ्याचा अभ्यास करायचा होता.

तिची 'पांढऱ्या वेशातली स्त्री' १८८०च्या प्रदर्शनात होती, आता काँब्रेच्या संग्रहालयात आहे. त्या झग्यात ट्यूबमधला नुसता पांढरा शोधायला गेलं तर फार थोडा सापडतो. सावलीकडे निळा आणि फिकट जांभळा, गवताकडच्या बाजूला हिरवट, उन्हाकडे लोण्यासारखा पिवळा. साडी न्याहाळत बसले तेव्हा दहाव्या मिनिटाला निऱ्यांच्या आत मलाही हिरवा दिसायला लागला. पानांमधून खाली उतरलेला. माझं चित्र सुमार झालं, पण व्याख्यानाला साडी घेऊन जाणार आणि सभागृहाच्या खिडकीत टांगणार.

२३ जुलै, बुधवार

मारी ब्राकमाँ, माहेरची किव्होरों, जन्म ब्रिटनीत, १८४०. पॅरिसला अँग्र या जुन्या परंपरेतल्या नामवंत चित्रकाराकडे मार्गदर्शनासाठी गेली. अँग्रच्या कडकपणाची तिला धास्ती होती, आणि बायकांनी फुलं, फळं, स्थिरचित्रं, व्यक्तिचित्रं एवढंच करावं असा त्याचा कल तिला खटकला. तिला स्वतःला हवं ते रंगवायचं होतं. १८६९ साली फेलिक्स ब्राकमाँशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा. फेलिक्स हा नामवंत एचिंगकार, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापचित्रं करणारा, १८७४च्या प्रदर्शनात स्वतः सामील झालेला. त्याच्यामुळे तिला चित्रकारांचं वर्तुळ मिळालं, आविलांच्या चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रांचं काम मिळालं. हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं.

पण तिने मोनेचे रंग पाहिले, चित्रं बाहेर, बागेत काढायला लागली, आणि घरात धुसफूस सुरू झाली. त्याला हे रंग मान्य नव्हते. मुलगा पिएरच्या आठवणींनुसार तो आल्यागेल्याला तिची चित्रं दाखवत नसे, आणि तिच्या कामावर टीका करत असे. तिचा उजेड कुठला? सेव्ह्‌रच्या घराची बाग आणि गच्ची. मॉडेल कोण? बहुतेकदा बहीण लुईझ. 'गच्चीवर' या चित्रात आपल्याला जे ऊन दिसतं ते घराच्या कुंपणाच्या आतलं आहे. तेवढ्या जागेत तिने जे केलं ते मी पुन्हा पुन्हा बघते.

तक्त्यात तिचे तीन ठिपके: १८७९, १८८०, १८८६. साधारण १८९०च्या सुमारास तिने चित्रकला जवळजवळ सोडली. गेली १९१६ साली. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं. यावर स्लाइड काय करायची? मी फक्त करडा पडदा ठेवणार आहे, अर्धा मिनिट, काही न बोलता.

हे लिहिताना हात थांबला. आमच्या बॅचमध्ये नऊ मुली होत्या. त्यांतल्या किती अजून रंगवतात ते मी मोजलं. आकडा इथे लिहीत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

घड्याळ लावून म्हणून पाहिलं, दोन तास दहा मिनिटं. कात्री.

एव्हा गोंझालेस: मानेची एकमेव औपचारिक शिष्या, इंप्रेशनिस्ट प्रदर्शनांत कधीच नव्हती, आणि तक्त्यातही तिची ओळ मी धरलेली नाही. तिचं नाट्यगृहातल्या बॉक्सचं चित्र सुंदर आहे, पण विषय दुसरीकडे जातो. माने एप्रिल १८८३च्या अखेरीस गेला, आणि काही दिवसांतच बाळंतपणानंतर तीही, चौतिसाव्या वर्षी. तिच्यासाठी वेगळी संध्याकाळ मागून घेईन. काल्स, झांदोमेनेगी, दे नित्तिस, प्रदर्शनांतले आणखी तिघे: एकेक चित्र, एकेक मिनिट. रुआर: तक्त्यापुरता.

भाची म्हणाली, "मावशी, गियोमँचं कमी कर, तू त्याच्यावर पंचवीस मिनिटं बोलतेस." वीसवर आणलं. त्याखाली येणार नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

सभागृहात प्रोजेक्टर तपासला. जांभळा साफ निळा दिसतोय, म्हणजे गियोमँ आणि ब्राकमाँ दोघेही हातचे गेले. सेटिंगमध्ये निळा कमी केला, पडद्याशेजारची ट्यूबलाइट बंद करवली. तरी पुरेसं नाही, म्हणून पाच चित्रांच्या छापील प्रती खिडकीजवळ ईझलवर ठेवल्या. लोकांना म्हणणार, उठून जवळ जा आणि दिवसाच्या उजेडात बघा. व्याख्यान म्हणूनच दुपारी चारला घेतलंय.

१७ ऑगस्ट, रविवार

साठेक माणसं आली, कार्यवाह खूश. साडीचा खेळ जमला. शाळकरी मुलींनी हिरवा सगळ्यात आधी ओळखला. करड्या पडद्याच्या अर्ध्या मिनिटात कुणी खोकलंसुद्धा नाही.

प्रश्न विचारताना मागच्या रांगेतले एक काका उभे राहिले, साखर कारखान्यातून निवृत्त. म्हणाले, "मॅडम, ते रात्री चर खोदायचे, दिवसा चित्रं काढायचे. मग झोपायचे कधी?" लोक हसले, काका हसले नाहीत. मी म्हटलं, आठवड्यात तीनच रात्री काम होतं. ते म्हणाले, "तीन असो. मी तीस वर्षं केली आहे रात्रपाळी." मग ईझलपाशी जाऊन 'इव्रीचा सूर्यास्त' बराच वेळ बघत राहिले आणि माझ्याकडे न बघताच बोलले, "हे ड्युटीवर जायच्या आधीचं आहे. दिवस संपत आलाय, आणि आता निघायचंय. तेव्हाचं आभाळ असंच दिसतं."

इतक्या वर्षांत मला हे चित्र असं दिसलं नव्हतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

तक्ता महिनाभर वाचनालयाच्या जिन्यात राहणार आहे. कॉलेजच्या एका मुलीने त्यातली चूक दाखवली: मी मोरिझोच्या ओळीत १८७९ला ठिपका दिला होता आणि १८८०चा चौकोन कोरा सोडला होता. १८७९ साली ती नव्हती, मुलगी नुकतीच झाली होती. शाळा सुटल्यावर जाऊन दुरुस्त केलं. गेरूचा ठिपका नीट खोडला जात नाही, फिकट डाग राहिलाय.